भय, प्रेम आणि खेळणाऱ्याचा हात



ज्यांच्या स्मरणार्थ धाराशिवची ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आयुष्यभर मुलांना गोष्टी सांगत राहिले. म्हणून इथं गोष्टीविषयीच बोलायचं मी ठरवलं. मात्र या गोष्टी पुस्तकात छापलेल्या नाहीत, आणि पडद्यावर नुसत्या बघत बसायच्याही नाहीत. त्या खेळायच्या आहेत. कथाप्रधान व्हिडिओ गेममध्ये भय आणि प्रेम यांचा मेळ कसा घालायचा, हा आजचा विषय.

पुढच्या रांगांतल्या काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी दिसते आहे. तुमची काळजी मला कळते. नातू रात्री दोनपर्यंत मोबाइलवर गोळ्या झाडत बसतो, हाक मारली तर ओ देत नाही. आणि हा माणूस त्याच खेळांवर व्याख्यान द्यायला आला! पण सगळे गेम गोळ्या झाडण्याचे नसतात. काही गेममध्ये सुरुवात, मध्य, शेवट असलेली कथा असते, पात्रं असतात, संवाद असतात. त्यातलं एक पात्र तुमच्या ताब्यात दिलेलं असतं. ते कुठं जाणार, कुणाशी बोलणार, कुणाला मागं टाकून पुढं निघणार, हे तुमच्या बोटांवर ठरतं. कादंबरीत नायकानं चूक केली की आपण हळहळतो. इथं चूक आपण केलेली असते. एवढा एक फरक ध्यानात ठेवा. पुढचं सगळं व्याख्यान त्यावरच उभं आहे.

आता पहिला प्रश्न. भय आणि प्रेम एकत्र नांदू शकतात का? आपल्या काव्यशास्त्राला विचारलं तर उत्तर काहीसं कडक मिळतं. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथानं ‘साहित्यदर्पण’मध्ये शृंगाराच्या विरोधी रसांची यादीच दिली आहे. त्यात करुण आहे, बीभत्स आहे, रौद्र आणि वीर आहेत, आणि भयानकही आहे. कारण उघड आहे. अंगावर काटा आलेल्या माणसाला प्रेमाचं बोलणं सुचत नाही. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, काश्मीरच्या आनंदवर्धनानं विरोधी रस एकत्र आणायची वेळ आलीच तर काय करावं याचे उपाय सांगितले होते. दोन रस वेगवेगळ्या व्यक्तींच्या ठायी ठेवा, किंवा दोघांच्या मध्ये तिसरा रस घाला. आजचे बहुतेक भयपट नेमकं हेच करतात. नायक-नायिकेचं गाणं होतं, मग थोडा विनोद, मग भूत. भूत गेलं की पुन्हा गाणं. प्रेम एका खोलीत, भय दुसऱ्या खोलीत, मधलं दार बंद.

पण आपल्याच एका माणसानं हे दार बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी उघडलं होतं. तो भवभूती. विदर्भातल्या पद्मपूरचा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं गाव असं दाखवून दिलं. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ नाटकाचा पाचवा अंक आठवा. माधवाचं मालतीवर प्रेम आहे. तिचं लग्न दुसरीकडं ठरलं आहे. सगळे उपाय थकले तेव्हा हा तरुण रात्री स्मशानात जातो. कशासाठी? पिशाचांना नरमांस विकायला, म्हणजे त्या बदल्यात काही सिद्धी पदरात पडेल. प्रेतं, कोल्हे, भुतांचा कल्लोळ आणि त्या सगळ्याच्या मध्ये मनात मालती घेऊन उभा असलेला माधव. तेवढ्यात करालादेवीच्या देवळाकडून एक किंकाळी येते. आवाज ओळखीचा आहे. अघोरघंट नावाचा कापालिक मालतीलाच बळी द्यायला घेऊन आलेला आहे.

इथं जरा थांबू. माधव त्या स्मशानात का होता? प्रेमामुळे. किंकाळी कुणाची हे त्याला का कळलं? प्रेमामुळे. त्याचं प्रेम नसतं तर तो घरी झोपलेला असता आणि मालती मेली असती. या अंकातून प्रेम काढून घ्या, भय उरत नाही. भय काढून घ्या, माधवाचं प्रेम किती खोल आहे हे कळायला दुसरा मार्ग उरत नाही. भय आणि प्रेम एकत्र आणणाऱ्या कुठल्याही कथेला, कुठल्याही गेमला मी हीच कसोटी लावतो. एक काढून घ्या आणि दुसरं उभं राहतं का ते बघा. राहिलं, तर ते दोघं नुसते शेजारी आहेत.

या कसोटीला उतरलेले गेम आहेत का? आहेत. जपानमधले दोन सांगतो, दोन्ही २००१ सालचे.

पहिला ‘इको’. फुमितो उएदा हा त्याचा कर्ता. शिंगं असलेला एक मुलगा ओसाड किल्ल्यात कोंडला जातो. तिथं त्याला योर्दा नावाची मुलगी भेटते. दोघांची भाषा वेगळी. तिचं बोलणं त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही. किल्ल्यात सावल्या हिंडतात आणि त्यांचा सगळा डोळा तिच्यावर असतो. तिला धरून जमिनीतल्या काळ्या खळग्यात ओढून नेणं हेच त्यांचं काम. मग खेळणाऱ्यानं काय करायचं? तिचा हात धरायचा. कंट्रोलरवर त्यासाठी एक बटण आहे. ते दाबून ठेवलं की हात धरलेला राहतो, बोट उचललं की सुटतो. उडी मारायला, भिंत चढायला हात सोडावाच लागतो. तिला एकटी ठेवून दोन खोल्या पलीकडं जावंच लागतं, आणि त्या दोन खोल्यांत कान सगळा मागं असतो. एकही प्रेमाचा संवाद नाही, एकही मिठी नाही. वय मुलांचं आहे, नातं काय म्हणायचं तेही उघड सांगितलेलं नाही. पण खेळ जिथवर झाला तिथवर जतन करायचा असेल तर दोघांना एका दगडी बाकावर शेजारी बसवावं लागतं. एकट्याला बसून चालत नाही! किती साधी युक्ती आहे, आणि किती काही सांगून जाते.

दुसरा ‘सायलेंट हिल २’. ज्यांना तो खेळायचा आहे त्यांची आधीच क्षमा मागतो, कारण मला शेवट सांगावा लागणार आहे. जेम्स नावाच्या माणसाला बायकोचं पत्र येतं: आपल्या त्या आवडत्या गावी मी वाट बघते आहे. बायको, मेरी, आजारपणात वारली आहे असं तो सांगतो. तरीही तो जातो. गाव धुक्यात बुडालेलं, रस्ते तुटलेले, आणि अंगाचा थरकाप करणारे विद्रूप प्राणी. तिथं मारिया नावाची बाई भेटते. चेहरा मेरीचा, वागणं निराळं. ती मरते आणि पुन्हा समोर येते, पुन्हा मरते. शेवटी कळतं की मेरीला आजारानं नेलं नव्हतं. दुखण्यानं चिडचिडी झालेल्या, वेदनेनं पिळवटलेल्या बायकोच्या तोंडावर जेम्सनंच उशी दाबली होती. दयेनं? कंटाळून? रागानं? त्यालाही नीट सांगता येत नाही. गावातले ते प्राणी म्हणजे त्याचाच अपराध आणि त्याचीच दडपलेली वासना. आता कसोटी लावा. मेरीवर त्याचं प्रेम नसतं तर अपराध टोचला नसता, आणि हे गावच उभं राहिलं नसतं.

पण मला या खेळाविषयी सगळ्यात जास्त आदर वाटतो तो निराळ्याच गोष्टीसाठी. या कथेचे शेवट अनेक आहेत. कुठला शेवट मिळणार हे कुठल्याही पडद्यावर विचारलं जात नाही. खेळ गुपचूप तुमच्याकडं बघत असतो. तुम्ही मेरीचं पत्र आणि फोटो अधूनमधून काढून पाहता का? मारियाला जवळ ठेवता की तिच्यापासून पळता? जखमी झाल्यावर वेळेवर औषध घेता, की तसेच रक्तबंबाळ फिरत राहता, जणू जगण्याची पर्वाच नाही? या सगळ्याची नोंद होते आणि तिच्यावरून ठरतं की जेम्स या गावातून बाहेर पडेल, की तळ्यात जीव देईल, की मारियाचा हात धरून पुन्हा त्याच फेऱ्यात जाईल. कुणी बघत नाही असं वाटत असताना आपण जसं वागतो त्यावरून आपलं प्रेम जोखलं जातं. पुस्तकाला हे करता येईल का? सिनेमाला? कितीही थोर दिग्दर्शक असो, प्रेक्षकानं फोटो किती वेळा काढून पाहिला हे त्याला कळायचं साधन नाही.

म्हणजे खेळात भय आणि प्रेम यांची भेट कुठं होते? खेळणाऱ्याच्या हातात. हात धरणं हे प्रेम, आणि तोच हात सुटेल हे भय. आनंदवर्धनानं दोन रसांना दोन आश्रय द्यायला सांगितलं होतं. इथं दोन्हींचा आश्रय एकच, आणि तो कथेतला नायक नाही. तो कंट्रोलर धरून बसलेला माणूस आहे.

आता जिथं घसरण होते त्याबद्दल बोललं पाहिजे, आणि जरा स्पष्ट बोललं पाहिजे.

बरेच गेम एक स्वस्त वाट धरतात. सुरुवातीच्या दहा मिनिटांत नायिका हसताना दाखवायची, अकराव्या मिनिटाला मारून टाकायची, आणि मग सूड घेत हिंडायचं. हे प्रेम नव्हे, हे निमित्त. तिला काय आवडत होतं, कशाचा राग होता, ती कुणाची कोण होती, यातलं आपल्याला काहीच ठाऊक नसतं.

दुसरी वाट जास्त धोक्याची आहे: पाठलागालाच प्रेम म्हणायचं. ती उलट बाजूनं दाखवणारा एक खेळ आधी सांगतो. २०१७ साली ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ नावाचा गेम फुकट उपलब्ध झाला. डॅन साल्वाटो हा त्याचा लेखक. दिसायला गोडगुलाबी: शाळेतलं साहित्य मंडळ, चार मुली, तुम्ही शब्द निवडून कविता रचायची आणि कुणाला आवडते ते बघायचं. मग हळूहळू जमीन सरकते. एक मुलगी आत्महत्या करते, चित्रं बिघडतात, अक्षरं तुटतात. मोनिका नावाच्या मुलीला आपण एका गेममध्ये आहोत हे कळलेलं असतं. तिचं प्रेम कथेतल्या नायकावर नाही, खेळणाऱ्यावर आहे, म्हणून ती बाकीच्या मुलींना मोडत-पुसत जाते. अखेर ती तुमच्यासमोर बसून राहते. तुम्ही, ती आणि एक खोली, बाकी काही नाही. सुटायचं असेल तर स्वतःच्या कॉम्प्युटरमधल्या फोल्डरमध्ये जाऊन तिची फाइल हातानं पुसावी लागते. गेमच्या सुरुवातीलाच इशारा दिलेला आहे, तो गंभीरपणे घ्यावा; लहान मुलांच्या हाती हा खेळ देऊ नये. पण प्रेमाच्या नावाखाली दुसऱ्याला कोंडून ठेवणं म्हणजे काय, हे कोंडल्या गेलेल्याच्या बाजूनं त्यानं दाखवलं. खेळणारा मुलगा असतो तेव्हा मला त्याचं मोल आणखी वाटतं. पाठलाग करणाऱ्याच्या जागी उभं राहायची सवय आपल्या सिनेमानं त्याला लावली आहे. इथं तो पहिल्यांदा पलीकडं उभा राहतो.

‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ हा मथळा आपल्या वर्तमानपत्रांत नवा नाही. भय आणि प्रेम यांची प्रत्यक्षातली सगळ्यात घाणेरडी भेळ तिथं असते, आणि गेम करणाऱ्यानं आपण कुठल्या बाजूला बसलो आहोत हे पहिल्या दिवशी ठरवलं पाहिजे. तिचा नकार हा ‘पार करायचा टप्पा’ म्हणून रचणार असाल, भेटवस्तू देत देत मनाचा आकडा वाढवत न्यायचा आणि शंभर झाले की ती तुमची, असं गणित मांडणार असाल, तर भूत कितीही चांगलं काढा, त्या खेळातलं खरं भय तुम्हाला दिसलेलंच नाही.

आणि आपल्याला हे बाहेरून शिकायची काय गरज? आपण तुळजाभवानीच्या मुलखात बसलो आहोत. तुळजामाहात्म्य काय सांगतं? कर्दम ऋषी गेले. त्यांची पत्नी अनुभूती सती जायला निघाली, पदरात लहान मूल होतं म्हणून थांबली आणि मंदाकिनीच्या काठी तप करत राहिली. तिथं कुकुर नावाच्या दैत्याची नजर तिच्यावर पडली. त्यानं तिला हात लावला तेव्हा तिनं देवीचा धावा केला. देवी त्वरेनं आली, दैत्यानं महिषाचं रूप घेतलं, देवीनं त्याचा वध केला. या जिल्ह्याच्या दैवताची मूळकथाच अशी आहे: नवऱ्याच्या आठवणीत बसलेली एकटी बाई, आणि तिच्या मनाविरुद्ध पुढं आलेला हात. भय नेमकं कुठं असतं हे या कथेला ठाऊक होतं.

आपल्याकडं लग्न झालं की गोंधळ घालतात. कधी विचार केलात, का? नवीन जोडपं, घरात आनंद, आणि त्याच रात्री संबळ वाजतो, दिवटी पेटते, गळ्यात कवड्यांची माळ घातलेला गोंधळी त्या देवीला बोलावतो जिच्या हातात शस्त्र आहे आणि पायाखाली राक्षस. मग आख्यान लागतं. नायक सांगतो, साथीदार मध्येच विचारतो, अडवतो, शंका काढतो आणि कथा त्या अडवण्यातून पुढं सरकते. रात्र सरत जाते. संसार सुरू करताना आधी उग्र रूपापुढं बसायचं, ही पद्धत ज्यांनी घातली त्यांना प्रेम आणि धास्ती यांचं नातं काव्यशास्त्राच्या यादीपेक्षा नीट कळलं होतं, असं मी म्हणेन.

बाहेरून आलेल्यांनाही या मातीत तेच दिसलं. फिलिप मेडोज टेलर १८५३ पासून काही वर्षं नळदुर्गला इंग्रज अधिकारी होता. त्यानं १८६३ साली ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तुळजापूरच्या शास्त्र्याची बालविधवा मुलगी तारा, अफझलखानाचा मुलगा फाझील, तिच्या मागं लागलेला दुष्ट माणूस आणि शेवटी सतीची चिता. साहेबाच्या नजरेचे दोष तिच्यात आहेत, इतिहासाच्या नावानं ती वाचू नये. पण भयाच्या तोंडावर उभं असलेलं प्रेम त्यालाही इथंच सापडलं.

आता कुंभारकाम करणाऱ्या संत गोरोबाकाकांच्या तेरकडं वळतो. गोरोबाकाकांच्या कथेला भयकथा म्हणायची माझी हिंमत नाही, आणि तसं म्हणायचंही नाही. ती भक्तीची कथा आहे. पण ती कथा लहानपणी ऐकताना कुणाच्या अंगावर काटा आला नाही? नामात रंगलेले काका चिखल तुडवताहेत, रांगत आलेलं पोर पायाखाली येतं, त्यांना भान नाही. पाणी घेऊन आलेली आई ते बघते. तिचा आक्रोश, त्यांचा राग, आणि मग तिनं घातलेली विठ्ठलाची शपथ: मला हात लावायचा नाही. काका ती शपथ अशी पाळतात की घर थिजून जातं. वंश चालावा म्हणून बायको आपल्याच बहिणीशी त्यांचं लग्न लावून देते. दोघींना सारखं वागव, असं सासरा सांगतो. मग शपथ दोघींना लागू! एका रात्री दोघी बहिणी झोपलेल्या काकांचे हात आपल्या अंगावर ओढून घेतात. जाग येते. शपथ मोडली ती हातांनी, म्हणून काका हातच तोडून टाकतात. पुढं विठ्ठल कुंभाराच्या रूपानं घरी राबतो, नामदेवांच्या कीर्तनात हात परत येतात, मूल रांगत येतं, हे सगळं तुम्हाला माहीत आहे.

गेम रचणाऱ्या मुलांनो, या कथेत काय आहे बघा. सगळी कथा स्पर्शाभोवती फिरते. ‘इको’मध्ये एक बटण आहे हात धरायचं. समजा एखाद्या खेळात असं बटण सुरुवातीपासून तुमच्या बोटाखाली आहे. त्यानं तुम्ही चाकावरची माती उचलता, मडक्याला आकार देता, मुलाला कडेवर घेता, बायकोच्या डोक्यावरचा हंडा उतरवता. तासभर ते बटण म्हणजे तुमचं घर होतं. आणि मग शपथ पडते. बटण तिथंच आहे, चालतंही आहे. फक्त ती समोर असताना दाबायचं नाही. ती दमून आली, हंडा जड आहे, आणि तुमचं बोट बटणावरून उचललेलं. कुठलं भूत याच्याइतकं भिववेल? तोडलेले हात दाखवायला रक्त लागणार नाही. त्या प्रसंगानंतर बटण दाबलं तर काहीच होणार नाही, एवढं पुरे. कीर्तनाच्या वेळी ते बटण पुन्हा चालू लागलं, तर खेळणाऱ्याला जे वाटेल ते प्रवचनानं वाटणं कठीण आहे. अर्थात हे काम श्रद्धेनं आणि तेरच्या मंडळींना विचारून करायचं. गोरोबाकाकांचंच नाव घ्यायला हवं असंही नाही. हाताची कथा हवी आहे.

आता नळदुर्ग. लोक या किल्ल्याचं नाव नळराजाशी जोडतात. इतिहास तपासणारे तपासोत. मला ती जोड फार मोलाची वाटते, कारण नळदमयंतीच्या आख्यानात आजचा सगळा विषय भरलेला आहे. त्यात खेळसुद्धा आहे! नळ द्यूत खेळतो, अंगात कली शिरलेला असतो, तो राज्य हरतो. महाभारताच्या वनपर्वात ही कथा सांगितली जाते तीही युधिष्ठिराला, म्हणजे द्यूत हरून वनात आलेल्या दुसऱ्या खेळाडूला. नळ आणि दमयंती एका वस्त्रात रानात भटकतात. रात्री ती झोपते. नळाच्या मनात येतं, मी हिला सोडलं तर ही माहेरी विदर्भाला जाईल, सुखी होईल. हा विचार प्रेमाचा की कलीचा? तो उठतो, अर्धं वस्त्र कापून घेतो, निघतो. परत येतो, तिच्याकडं बघतो. पुन्हा निघतो. पुन्हा परत येतो. शेवटी जातो. ती जागी होते तेव्हा रान आहे आणि ती आहे. मग अजगर तिला विळखा घालतो. व्याध तिला सोडवतो आणि तोच तिच्या अंगावर येऊ पाहतो.

हे खेळात कसं येईल, मी माझ्या मनातलं सांगतो. पहिला भाग नळाचा. रात्र, झोपलेली बायको, तलवार. खेळणाऱ्याला निघायचं आहे. पण हवं तितक्या वेळा परत फिरायची मोकळीक आहे. तो दर वेळी परत येईल तेव्हा ती थोडी वेगळी झोपलेली असेल. एकदा कुशीवर, एकदा थंडीनं आखडलेली. खेळ घाई करणार नाही. पण नळ जाईपर्यंत उजाडणारही नाही. कधीतरी, कंटाळून किंवा पुढं काय होतं या उत्सुकतेनं, तुम्ही निघून जाल. तुम्ही. कलीनं नव्हे. आणि निघालात की पडदा बदलेल, आणि आता तुमच्या हातात दमयंती असेल. ज्या रानात तुम्ही तिला सोडलं त्याच रानात, उरलेल्या अर्ध्या वस्त्रात, तुम्हाला जागं व्हायचं आहे. तुम्ही जितक्या वेळा परत फिरला होतात, तितके पावलांचे माग तिला जमिनीवर दिसतील. कुणी दोन वेळा फिरला असेल, कुणी वीस वेळा. तिला त्यावरून काय वाटावं?

हे रान मी नळदुर्गच्या किल्ल्यात नेईन. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास बांधलेला तो बांध, आणि बांधाच्या पोटात बसवलेला पाणीमहाल. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन वाटांनी पाणी कोसळतं. महालाच्या खिडकीत उभं राहिलं तर समोर पाण्याची भिंत असते. डोक्यावर नदी, पायाखाली दगड, आत अंधार, आणि आवाज एवढा की शेजारच्यानं मारलेली हाक ऐकू येत नाही. दोघं एकमेकांना शोधताहेत, मध्ये एक दगडी भिंत आहे, आणि हाक पोचत नाही. जगभरच्या भयखेळांनी ओसाड इस्पितळं आणि धुक्यातली गावं वापरून झिजवली. आपल्या जिल्ह्यात नदीच्या पोटातला महाल आहे.

‘हे सगळं ठीक आहे, पण धाराशिवात बसून कोण करणार?’ हा प्रश्न येणार, म्हणून आधीच बोलतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी’ हा गेम काढला. दैत्यांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी बहीण, आणि तिच्याविषयी बोलणारे दुर्गा आणि विष्णू. तो जगभर खेळला गेला. गोव्यातल्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हनं २०१९ मध्ये ‘रेनस्वेप्ट’ केला. एका जोडप्याच्या मृत्यूचा तपास, तपास करणाऱ्याची स्वतःची जुनी जखम, आणि त्यातून उमलणारं हळुवार नातं. आजच्या विषयाच्या फार जवळचा खेळ आहे तो, आणि अगदी छोट्या स्टुडिओचा. फक्त त्याचं गाव अमेरिकेतलं आहे. मला दोष द्यायचा नाही. बाजार तिकडं होता. पण गोव्यात एवढं होतं तर इथंही होईल. ‘डोकी डोकी’ ज्या रेनपाय साधनावर रचला गेला ते मोफत मिळतं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर चालतं. चित्र काढणारी दोन मुलं, प्रोग्रॅम लिहिणारा एक, आणि लिहिणारी एक मुलगी एवढ्यावर पहिला तासभराचा खेळ उभा राहतो. लिहिणारी मुलगीच म्हणालो मी, मुद्दाम म्हणालो. दमयंती रानात एकटी चालताना तिला कशाकशाची भीती वाटते, पाठीमागं पाऊल वाजलं की हात आधी कुठं जातो, हे मुलांना विचारून लिहिता येणार नाही.

दोन कामं तर या पावसाळ्यापासूनच सुरू करता येतील. एक, रीतसर परवानगी काढून पाणीमहालातले आवाज ध्वनिमुद्रित करा: नदी कोरडी असतानाचे, पहिल्या पाण्याचे, आणि भरून वाहतानाचे. हौसेनं नव्हे, तासन्‌तास. भयाचा निम्मा खेळ कानातून चालतो. तो आवाज कुठून विकत आणता येणार नाही.

दुसरं काम भाषेचं, आणि ते जास्त वेळ खाईल. महाभारतातली दमयंती नळाचा पत्ता विचारत फिरते तेव्हा माणसं भेटत नाहीत, म्हणून ती डोंगराला विचारते, अशोकाच्या झाडाला विचारते. आपल्या खेळातही विचारेल. कुठल्या मराठीत? छापील, पुस्तकी मराठीत विचारलं तर झाड ऐकणार नाही. इथल्या सीमाभागातली मराठी निराळी आहे. तिच्यात कानडीचा हेल आहे, दखनी शब्द आहेत, जात्यावरच्या ओव्यांची लय आहे. नवरा परागंदा झालेल्या, ऊसतोडीला किंवा कामाला म्हणून गेला तो परत न आलेल्या बायका तुळजापूर, उमरगा, लोहारा तालुक्यांतल्या गावांत आजही आहेत. त्यांच्याकडं जा, मानानं जा, वेळ काढून बसा, आणि त्यांची परवानगी असेल तेवढंच टिपा. नाव-गाव कुणाचं वापरू नका. फक्त एवढं ऐका, की माणूस समोर नसताना त्याच्याशी बोलायचं असेल तर त्या कुणाला उद्देशून बोलतात, आवाज चढतो की उतरतो, शिवी आधी येते की नाव. दमयंतीचे संवाद त्यातून लिहा, आणि ते बोलायला याच तालुक्यांतली बाई आणा. सुरुवात एका प्रसंगापासून करा: ती जागी होते आणि झाडाला पहिला प्रश्न विचारते.